शालान्त परीक्षेनंतर विमानविद्या



शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आपल्या किनाऱ्यावरच्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? उरण-पनवेलपासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत कुठेही जा, याची उत्तरे पूर्वी ठरलेली असत. कुणी अलिबागच्या कॉलेजात नाव घाली, कुणी आय. टी. आय. मध्ये फिटर किंवा वायरमनचा कोर्स करी, कुणी मुंबईला काकाकडे राहून नोकरी शोधी, आणि कुणी वडिलांबरोबर होडीवर किंवा शेतावर जाई. अलीकडे मात्र या उत्तरांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. दहावी झालेला मुलगा, आणि आता मुलगीसुद्धा, म्हणते, "मला विमानाचं इंजिनिअरिंग करायचंय."

हे उत्तर कुठून आले ते शोधायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात, उलव्याच्या परिसरात विमानतळ झाला. २०१८ च्या फेब्रुवारीत त्याची कोनशिला बसली, २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळवले. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे, उलवे अशा दहा गावांनी आपली घरे सोडली. ज्यांच्या भातखाचरांवर आज धावपट्टी आहे, त्यांच्या मुलांनी त्या धावपट्टीवरच्या विमानाकडे आपले म्हणून पाहावे, यात नवल ते काय?

पण विमानतळ गावात आला म्हणजे विमान हातात आले असे होत नाही. विमानतळावर पुष्कळ प्रकारची कामे असतात. सामान चढवण्याचे काम असते, पहाऱ्याचे असते, झाडलोटीचे असते. कष्टाचे कोणतेही काम हलके नव्हे. परंतु विमानाचे पोट उघडून आत हात घालण्याचे काम या सगळ्यांहून निराळे आहे. ते ओळखीने मिळत नाही आणि जमीन दिली म्हणूनही मिळत नाही. ते शिकावे लागते. कसे शिकायचे, कुठे शिकायचे, आणि पैसे भरण्यापूर्वी काय पाहायचे, एवढ्याचाच विचार आज आपण करू.

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर केला पाहिजे. विमान-अभियांत्रिकीची पदविका आणि विमान दुरुस्तीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ पालक त्या एकच समजतात आणि तिथेच फसगत होते.

पदविका म्हणजे डिप्लोमा. दहावीनंतर तीन वर्षांचा, सहा सत्रांचा अभ्यासक्रम. आपल्या राज्यात अशा पदविकांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. पदविका सांगते की या मुलाने अमुक विषय शिकून परीक्षा दिली आहे. परवाना ही निराळी चीज आहे. तो देते केंद्र सरकारचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात. दुरुस्ती झाल्यावर "हे विमान उडण्यास योग्य आहे" असे लिहून त्याखाली सही करण्याचा अधिकार परवाना देतो. ती सही झाल्याशिवाय विमान जागचे हलत नाही. वैमानिक कितीही मोठा असो, कंपनीचे कितीही नुकसान होत असो, विमान थांबून राहते. या धंद्यातील मान, पगार आणि जबाबदारी ही तिन्ही त्या सहीपाशी येऊन मिळतात. पदविकेने ज्ञान मिळते, आणि सहीचा अधिकार परवान्याने.

हा परवाना धारण करणाऱ्याला एएमई म्हणतात, म्हणजे विमान देखभालीचा अभियंता. परवान्याचेही प्रकार आहेत. 'ए' वर्गाचा माणूस ठरावीक छोटी कामे करून त्यांवर सही करतो. 'बी-वन' वाल्याकडे विमानाचा सांगाडा, इंजिन आणि त्यांना जोडलेली विजेची व्यवस्था असते. 'बी-टू' वाल्याकडे रेडिओ, दिशादर्शक आणि इतर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. आणि मोठ्या विमानांच्या बाबतीत एवढ्यानेही भागत नाही. ज्या जातीच्या विमानावर सही करायची, त्या जातीचे वेगळे शिक्षण घेऊन तिची नोंद परवान्यावर व्हावी लागते. परीक्षा विषयवार होतात, आणि प्रत्येक विषयात शंभरापैकी पंचाहत्तर गुण मिळाले तरच उत्तीर्ण. पस्तीस टक्क्यांची सवय इथे उपयोगी पडत नाही. तेही योग्यच आहे म्हणा. आकाशात पस्तीस टक्के बरोबर बसवलेल्या चाकाचे काय करायचे?

आता या विद्येत शिकवतात तरी काय? पहिले वर्ष साधारण सर्व पदविकांना सारखे असते. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, यंत्रचित्रण आणि कर्मशाळा. कर्मशाळेत कानशीने लोखंड घासून काटकोन करायला लावतात. मुले कंटाळतात. "विमान शिकायला आलो आणि कानस हातात दिली" अशी तक्रार करतात. पण ज्याला हाताने काटकोन जमत नाही, त्याला पुढे पंखाच्या पत्र्याला ठिगळ लावता येत नाही. नंतर हवेचा पंखावरील दाब, विमानाची रचना, इंजिने, दाबाच्या तेलावर चालणारी यंत्रणा, मोजमापाची उपकरणे आणि धातूंचा अभ्यास हे विषय येतात.

यांपैकी धातूंच्या विषयाबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण तो आपल्या किनाऱ्यावरच्या मुलाला पुस्तक उघडण्याआधीच अर्धा ठाऊक असतो. खाऱ्या वाऱ्याने काय होते ते आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. दारातली सायकल एका पावसाळ्यात लाल होते. खिडकीचे गज फुगतात. पत्र्याचे छप्पर खिळ्याभोवती आधी जाते, हे आपण पाहतो. का बरे खिळ्याभोवतीच? कारण तिथे पाणी साचते आणि दोन निराळे धातू एकमेकांना भिडलेले असतात. खाऱ्या पाण्यात असे दोन धातू भिडले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजू लागतो. म्हणूनच मोठ्या बोटींच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. जस्त झिजते आणि बोट वाचते.

विमानाची कथाही हीच आहे. पुष्कळ विमानांचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. बळकटीसाठी त्यात तांबे घालतात, पण त्या तांब्यामुळेच तो गंजाला लवकर बळी पडतो. म्हणून अशा पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. आपल्या पितळेच्या भांड्याला कल्हई करतात ना, त्यातलाच प्रकार. ॲल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा लाल नसतो. तो पांढऱ्या भुकटीसारखा दिसतो, आणि कधी कधी पत्र्याच्या आतच शिरून चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटे करतो. वरून रंग चकचकीत, आत धातू पोखरलेला. समुद्रावरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांचे इंजिन गोड्या पाण्याने धुण्याची रीत आहे ती याचसाठी. जुहूहून उडून समुद्रातील तेलविहिरींवर माणसे नेणारी हेलिकॉप्टरे आपण पाहतो. त्यांच्या देखभालीत मिठाशी झगडा हा रोजचाच भाग आहे.

मिठाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचे एक उदाहरण साऱ्या जगातील विमान-विद्यार्थ्यांना शिकवले जाते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचे एक बोईंग ७३७ विमान हिलोहून होनोलुलूला निघाले. बेटाबेटांमधील छोटी उड्डाणे, सदा खारी हवा. त्या विमानाने तोवर जवळजवळ नव्वद हजार उड्डाणे केली होती. आता पाहा, विमान वर गेले की आत हवा भरून दाब राखावा लागतो. म्हणजे प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग किंचित फुगते आणि उतरताना पुन्हा आकसते. तारेचा तुकडा वाकवून सरळ करीत राहिलात तर तो शेवटी तुटतो, तसेच हे. सांध्यांतील चिकटवण सुटली होती, रिव्हेटांच्या ओळीत बारीक तडे गेले होते. चोवीस हजार फुटांवर विमानाच्या पुढच्या भागाचे छत उडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, तिचा मृत्यू झाला. उरलेल्या चौऱ्याण्णव जणांना वैमानिकांनी माऊई बेटावर जिवंत उतरवले. चौकशीत दोष निघाला तो देखभालीचा, की हे नुकसान तपासणीत दिसायला हवे होते आणि ते दिसले नाही. आणखी एक गोष्ट पुढे आली. विमानात चढताना एका प्रवाशाला दाराजवळ पत्र्यात तडा दिसला होता, पण ती कुणाला काही बोलली नाही.

दुसरे उदाहरण १० जून १९९० चे, इंग्लंडमधले. विमान बर्मिंगहॅमहून निघाले, आणि सतरा हजार फुटांवर वैमानिकासमोरची काचच उडून गेली. वैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवले, आणि नशीब असे की तो वैमानिक वाचला. कारण काय सापडले? आदल्याच दिवशी काच बदलली होती. बदलणारा माणूस अनुभवी होता, जबाबदार होता. पण रात्रपाळीत त्याने जुन्या बोल्टाशी नजरेने जुळवून नवे बोल्ट घेतले, पुस्तक उघडून क्रमांक पाहिला नाही. नव्वदपैकी चौऱ्याऐंशी बोल्ट जाडीला थोडे कमी होते. किती कमी? एका मिलिमीटरच्या सुमारे दोन तृतीयांश!

ही उदाहरणे मुलांना भिववण्यासाठी सांगत नाही. या विद्येचा स्वभाव कळावा म्हणून सांगतो. आपल्याकडे बंदरावर बोटीचे इंजिन दुरुस्त करणारे असे कारागीर आहेत की नुसत्या आवाजावरून रोग सांगतील. त्यांच्या हाताला मी नमस्कार करतो. भर समुद्रात, हाताशी असेल त्या तुकड्यावर इंजिन चालू करून दहा जणांना किनाऱ्याला आणणे ही थोडी विद्या नव्हे. पण विमानाच्या खाली तो हात वेगळ्या शिस्तीत घालावा लागतो. बोल्ट किती आवळायचा ते मनगट ठरवीत नाही. पुस्तकात आकडा असतो आणि तो आकडा दाखवणारा पाना असतो. तार, चिंधी, चालेल तो नट, इथे काही चालत नाही. काम संपल्यावर हत्यारे मोजतात. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत, कारण तो आत राहिला असेल तर? ज्या मुलाला "चालतंय की" म्हणायची सवय आहे, त्याने ती सवय सोडावी किंवा हा मार्ग सोडावा. आणि ज्याला "थांबा, मला शंका आहे" असे साहेबासमोर म्हणता येते, त्याने हा मार्ग अवश्य धरावा.

आता इंग्रजीचा प्रश्न. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांच्या मनात हीच धास्ती मोठी असते. परवान्याच्या परीक्षा इंग्रजीत होतात, विमानाची पुस्तकेही इंग्रजीत असतात, हे खरे आहे. पण एक दिलाशाची गोष्ट सांगतो. या पुस्तकांसाठी जगातील विमान उद्योगाने एक सोपी इंग्रजी मुद्दाम घडवली आहे. जिची मातृभाषा इंग्रजी नाही अशा कामगारालाही ती कळावी, हाच तिचा हेतू. तिच्या कोशात सामान्य शब्द सुमारे नऊशेच आहेत, आणि एका शब्दाचा शक्यतो एकच अर्थ. 'फॉलो' म्हणजे नंतर येणे, एवढेच. 'आज्ञा पाळणे' या अर्थाने तो शब्द तिथे वापरायचा नाही. कृती सांगणारे वाक्य वीस शब्दांहून लांब असू नये असा नियम आहे. म्हणजे कादंबरीचे इंग्रजी नव्हे, पाककृतीचे इंग्रजी म्हणा ना. रोज एक पान वाचले तर वर्षाच्या आत ही भीती जाईल. बोलण्यातली इंग्रजी अडखळली तरी चालेल, वाचण्यातली मात्र अडखळता कामा नये. वाचण्यात चूक झाली की काय होते ते काचेच्या बोल्टांनी सांगितलेच आहे.

आता मार्ग कोणते? दहावीनंतर मुख्यतः तीन आहेत.

पहिला, अकरावी-बारावी विज्ञान शाखेतून. पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित घेऊन बारावी उत्तीर्ण व्हायचे आणि डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेत परवान्याच्या अभ्यासक्रमाला जायचे. परवाना हेच ध्येय पक्के असेल आणि घरात फीची तरतूद असेल, तर हा सरळ रस्ता. पण फी लाखांच्या घरात जाते आणि मधेच सोडले तर हातात फारसे काही उरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा मार्ग तीन वर्षांच्या पदविकेचा. विमान-अभियांत्रिकीची पदविका देणाऱ्या संस्था थोड्या आहेत. यंत्र, वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविका मात्र जवळपास मिळतात. आपल्या जिल्ह्यात पेणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविका झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, कारखान्यात उमेदवारी करता येते, किंवा परवान्याच्या अभ्यासाकडे वळता येते.

तिसरा मार्ग आय. टी. आय. चा. फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारखा दोन वर्षांचा कोर्स, मग उमेदवारी, आणि ज्याला पुढे शिकायचे असेल त्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश. हा रस्ता लांबचा, पण घरची चूल विझू न देता चालता येतो.

माझे मत विचाराल तर, ज्या घरात पहिल्यांदाच कुणी तंत्रविद्या शिकत आहे आणि पैसा मोजकाच आहे, त्या घरातील मुलाने सरकारी तंत्रनिकेतनात यंत्र किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घ्यावी आणि मग विमानाकडे वळावे. याचे कारण असे. नोकरीच्या जाहिरातींत शाखांची नावे लिहिलेली असतात, आणि यंत्र-विजेच्या शाखा बहुतेक ठिकाणी असतात. विमान-शाखेचे नाव प्रत्येक वेळी असतेच असे नाही. एक दार बंद झाले तर दुसरे उघडे असावे. नामांकित, मान्य संस्थेत विमानाचीच पदविका मिळत असेल आणि मुलाची ओढ खरी असेल, तर तीही जरूर घ्यावी. पण नावाला भुलून नव्हे.

आणि आता पालकांसाठी. जमीन विकून, होडीवर कर्ज काढून किंवा आईचे दागिने गहाण ठेवून फी भरण्याआधी संस्थेला चार प्रश्न विचारा.

पहिला : ही पदविका कुणाची? तंत्रशिक्षण मंडळाची की संस्थेने स्वतः छापलेली? मंडळाची असेल तर संस्थेचे नाव राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश-यादीत सापडले पाहिजे.

दुसरा : परवान्याच्या अभ्यासक्रमाला डीजीसीएची मान्यता आहे काय, कोणत्या वर्गासाठी, आणि कोणत्या तारखेपर्यंत? याचे उत्तर संस्थेच्या रंगीत पत्रकातून घेऊ नका. डीजीसीएची स्वतःची यादी पाहा. मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेल्याला परवान्यासाठी लागणारा अनुभव कमी वर्षांचा पुरतो. मान्यता नसेल तर तीच वाट कितीतरी लांबते.

तिसरा : प्रत्यक्ष काम कुठे शिकवणार? आवारात उघडून पाहायला इंजिन आहे का, विमान आहे का? चालू विमानांवरचा अनुभव कोणत्या कंपनीत देणार, आणि तो करार लेखी आहे का?

चौथा : गेल्या तीन वर्षांत किती मुलांना परवाना मिळाला? "शंभर टक्के नोकरी" हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. परवाना किती जणांना, तेवढेच विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस चुळबुळ करू लागला तर पिशवी उचला आणि घरी या. एस. टी. चे भाडे वाया गेले असे समजू नका. फार मोठी रक्कम वाचली.

काम कुठे मिळेल, हाही प्रश्न आहेच. मुंबई आणि नवी मुंबई जवळ आहेत. नागपुरात मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचा तळ आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना साठच्या दशकापासून उभा आहे. मात्र सुरुवातीची वर्षे धीराची असतात. पगार बेताचा, पाळ्या रात्रीच्या, कारण विमाने दिवसा उडतात आणि रात्री दुरुस्त होतात. परवाना मिळाल्यावरही अभ्यास संपत नाही. मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष काम केलेले नसेल तर सहीचा अधिकार वापरता येत नाही. विद्या चालू ठेवली तरच ती आपली.

ही विद्या आपल्या लोकांना परकी आहे असेही कुणी समजू नये. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगलोरला विमान कारखाना काढला. कोल्हापूरकडच्या हसूरचंपू या खेड्यात जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत प्राण्टलसारख्या गुरूकडे शिकून आले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच. टी.-२ हे शिकाऊ विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये आकाशात गेले. खेड्यातून तिथवर रस्ता जातो, एवढे यावरून दिसते. मात्र तो रस्ता गणिताच्या वहीतून जातो.

म्हणून या किनाऱ्यावरच्या दहावीच्या मुलामुलींना शेवटी एवढेच सांगतो. विमान उलव्याहून उडताना आता तुम्हाला रोज दिसेल. त्याच्या पोटाखाली कुणाच्या तरी हाताची सही आहे म्हणून ते उडते. ती सही तुमचीही असू शकेल. त्यासाठी यंदाच्या सुटीत दोनच कामे करा : गणिताची मागे राहिलेली प्रकरणे पुरी करा, आणि घरात जे काही गंजलेले आहे ते उघडून, घासून, तेल देऊन पुन्हा जसेच्या तसे बसवा. एकही स्क्रू उरता कामा नये. हे करताना आनंद झाला, तर पुढचा रस्ता विचारायला घराबाहेर पडा.